दिवाळखोरीची वकिली, सांगलीत बसून : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोर्टाच्या कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, मार्केट यार्डात आणि आता व्हॉट्सअपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. निम्मे प्रश्न लॉ शिकणाऱ्या पोरापोरींचे आहेत, निम्मे पैसे अडकलेल्या व्यापाऱ्यांचे. मुद्दाम वेगळे केले नाहीत, एकाचं उत्तर दुसऱ्यालाही लागतंच. आणि हे वाचून कुणी आपली केस ठरवू नका, कागद बघितल्याशिवाय मी सख्ख्या भावालाही सल्ला देत नाही.

म्हणजे नक्की काय करता, क्रिमिनल का सिव्हिल?

सिव्हिलच, पण त्यातलं धंद्याचं. माल दिला पैसे आले नाहीत, कुपवाड एमआयडीसीत मशीन बसवलं ते चाललंच नाही, पार्टनर भांडले, बँकेनं कारखाना ताब्यात घ्यायची नोटीस लावली, कंपनी बुडाली आता कुणाला किती मिळणार, असलं सगळं. बांधाची भांडणं आणि वाटपाचे दावे घेत नाही, त्यावरून गावाकडं अजून बोलणी खाते.

याच लाईनला का आलात?

वडिलांचं हळदीचं अडत दुकान होतं. मी नववीत असताना एक मोठा खरेदीदार एका रात्रीत बुडाला. ज्याला आधी कुणकुण लागली तो पहाटेच टेम्पो घेऊन त्याच्या गोडावनला गेला आणि हाताला लागतील ती पोती भरून आणली, पोती आपली का दुसऱ्याची हे बघायला कुणाला वेळ नव्हता. वडील दहाच्या सुमारास पोचले, तेव्हा फरशीवर सुतळ्या आणि हळदीची पूड एवढंच राहिलं होतं, चपलांचे तळवे पिवळे करून परत आले. पुढची तीन वर्षं आमच्याकडं दिवाळीला कपडे नव्हते, पण वडिलांनी शेतकऱ्यांच्या पट्ट्या मात्र सगळ्या भागवल्या.

लॉच्या तिसऱ्या वर्षाला दिवाळखोरीचा कायदा वाचताना मला एकदम तो टेम्पो आठवला. हा सगळा कायदा म्हणजे टेम्पोवाल्यांना गेटवर थांबवणं आहे. सगळे थांबा, एका जागी हिशेब होऊ दे, मग रांगेनं वाटप. तेव्हापासून माझ्या डोक्यात ही रांगच आहे आणि अशील आला की मी पहिलं हेच बघते की हा रांगेत कुठं उभा आहे.

ती रांग कशी असते? माल देणाऱ्याचा नंबर कितवा?

मागचा. वाईट वाटतं सांगायला पण खरं आहे. २०१६ च्या इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोडमध्ये कलम ५३ आहे, कंपनी विकून आलेले पैसे कसे वाटायचे ते त्यात लिहिलंय. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचा २४ महिन्यांपर्यंतचा पगार आणि तारण सोडून रांगेत आलेल्या बँका, हे दोघं एकाच पायरीवर. मग बाकी स्टाफचा १२ महिन्यांपर्यंतचा पगार, मग विनातारण पैसे देणारे, मग सरकारी देणी, आणि त्याच्याही खाली तुम्ही, ज्यांनी बेअरिंग दिलं, खोके दिले, ट्रान्सपोर्ट केलं. तुमच्यामागं फक्त शेअरवाले. म्हणून मी व्यापाऱ्यांना सांगते की समोरची कंपनी डगमगायला लागली की तुमच्याकडं वेळ महिन्यांत नाही, आठवड्यांत मोजायचा.

आणि एक, कंपनी एनसीएलटीत (कंपन्यांचे खटले चालवणारं न्यायाधिकरण) गेली की पेपरात जाहिरात येते, एक इंग्रजी पेपर आणि एक मराठी. क्लेम भरायला साधारण १४ दिवस देतात, उशीर झाला तरी पुढं काही काळ खिडकी उघडी असते पण त्या भरवशावर राहू नका. माल देणाऱ्यानं फॉर्म बी भरायचा. पुष्कळ लोक म्हणतात की मी तर तारखेला गेलोच नाही, माझी उधारी वहीत आहे ती कुठं जातीय. जाते. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की कंपनी वाचवायचा प्लॅन मंजूर झाला की त्यात नसलेली देणी संपली, सरकारची सुद्धा.

माझे १८ लाख एका कंपनीकडं अडकलेत. एनसीएलटीत खेचू का?

नाही खेचता येणार. आधी थकबाकीची किमान मर्यादा १ लाख होती, २४ मार्च २०२० ला ती १ कोटी केली. लॉकडाऊन लागायच्या आदल्या दिवशी म्हणा ना. आपल्याकडचे निम्मे व्यापारी त्या एका नोटिफिकेशननं बाहेर पडले.

१ कोटीच्या वर असेल तर आधी कलम ८ ची नोटीस, समोरच्याला १० दिवस. त्यात त्यानं दाखवलं की मालाबद्दल वाद आधीपासून चालू होता, ईमेल वगैरे आहेत, तर अर्ज तिथंच पडतो. सुप्रीम कोर्टानं २०१७ सालीच सांगितलंय की वाद खरा वाटला तरी बास, तो जिंकणार का हरणार ते एनसीएलटीनं बघायचं नाही. सरकारी फी बघाल तर माल देणाऱ्याला फक्त २००० रुपये आहे, त्याला भुलून लोक येतात, पण तारखा मुंबईत. आणि नुसता धाक दाखवून पैसे काढायला हा रस्ता धरला आणि तसं सिद्ध झालं तर कलम ६५ खाली तुम्हालाच दंड, १ लाखापासून १ कोटीपर्यंत.

मग १८ लाखांचं काय करायचं?

हा खरा प्रश्न आहे, आणि माझी सत्तर टक्के प्रॅक्टिस याच्यावर चालते.

चेक दिला असेल आणि परत आला असेल तर आधी तो. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस, त्यानंतर एक महिन्यात फिर्याद. हे तीन आकडे दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी लावा. लोक मेमो खिशात घेऊन फिरतात, "अहो तो म्हणाला होता पाडव्याला देतो", आणि पाडवा उलटून जातो.

तुम्ही कारखानदार असाल, लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आधीपासून असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडं, जाता येतं. ४५ दिवसांच्या पुढं पैसे थकवले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण चक्रवाढ. कौन्सिलच्या निकालाविरुद्ध समोरच्याला कोर्टात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, ही अट ऐकून भले भले तडजोडीला येतात. नुसत्या खरेदीविक्रीवाल्या व्यापाऱ्याला मात्र हा फायदा नाही, २०२१ पासून त्यांना उद्यम नोंदणी मिळते ती कर्जाच्या प्राधान्यापुरती. यार्डातल्या लोकांना हे पटत नाही, सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणतात.

बाकीच्यांनी कमर्शियल दावा. २०१५ चा कायदा, तेव्हा १ कोटीच्या वरचे वाद होते, २०१८ मध्ये मर्यादा ३ लाखांवर आणली आणि तिथंच हा कायदा सांगली-साताऱ्यापर्यंत पोचला. दाव्याआधी मेडिएशनला जावंच लागतं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, तीन महिने, दोघांची तयारी असेल तर आणखी दोन. ऑगस्ट २०२२ पासून हे न करता दाखल केलेला दावा कोर्ट फेटाळतं, अपवाद फक्त तातडीची मनाई किंवा जप्ती हवी असेल तर. पहिल्या वर्षी मला हा फुकटचा टाईमपास वाटायचा. आता नाही वाटत, कारण समोरासमोर बसवलं की व्यापारी माणसाला व्यापारी माणसाची अडचण कळते, आणि चहा झाल्यावर आकडा निघतो.

कमर्शियल दाव्यात खरंच लवकर निकाल लागतो का?

साध्या दाव्यापेक्षा लवकर. पण समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली नाही तर ती येतच नाही, कोर्टाच्या हातात सुद्धा नाही. हे मी स्वतः भोगलंय. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी नाही, चांगली आठव्या वर्षी. समन्स अशिलाच्या मेव्हण्यानं घेतलं होतं, मी दिवस मोजले ते अशील माझ्याकडं आला त्या दिवसापासून. चार दिवसांनी हुकलं. नशीब की पुढं तडजोड झाली, पण त्या माणसाला फोन करताना माझा हात थरथरत होता. आता ऑफिसच्या भिंतीवर मोठं कॅलेंडर आहे आणि ज्युनिअरला पहिलं काम तेच देते.

आमची पार्टनरशिप फर्म रजिस्टर नाही. चालतं का?

दुकान चालतं. वसुलीचा दावा चालत नाही. पार्टनरशिप कायद्याचं कलम ६९. चाळीस चाळीस वर्षांच्या पेढ्या आहेत, नाव मोठं, आणि रजिस्ट्रेशन नाही. उद्या करून घ्या, खर्च काहीच नाही.

समोरची पार्टी कंपनी नाही, एकटा माणूस आहे. त्याचं दिवाळं कुठं निघतं?

नव्या कोडमधला साध्या माणसांचा आणि भागीदारी फर्मचा भाग अजून सरसकट लागू केलेला नाही. म्हणून मुंबई सोडली तर आपल्याकडं १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो, जिल्हा न्यायालयात. त्यात कर्जाची किमान मर्यादा आहे ५०० रुपये! शंभर वर्षांत कुणी बदलली नाही. ऋणको स्वतःच अर्ज करतो, मला नादार जाहीर करा म्हणून, मग त्याची मिळकत कोर्टाच्या ताब्यात जाते. असे अर्ज फार कमी येतात. कारण कायद्यापेक्षा सोयरिकीचं. बापाला कोर्टानं नादार ठरवलं तर पोरीचं लग्न जमेल का, हे माणूस आधी विचारतो.

सहकारी बँक, पतसंस्था, कारखाना बुडाला तर?

आपल्या भागातला सगळ्यात मोठा प्रश्न आणि सगळ्यात मोठा गैरसमज. सहकारी संस्थेचं दिवाळं एनसीएलटीत निघत नाही, ती अवसायनात जाते, म्हणजे गुंडाळली जाते, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली, आणि अवसायक नेमतात. पतसंस्थेची वसुली कलम १०१ चा दाखला घेऊन होते. लॉच्या पोरांनी एनसीएलटीच्या नादात हा कायदा ऑप्शनला टाकू नये. सांगली, सातारा, कोल्हापुरात ज्याला सहकार कायदा येतो तो उपाशी राहत नाही.

सहकारी बँकेला सरफेसी कायदा (बँकेनं कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा) वापरता येतो का यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. ते सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ५ मे २०२० ला मिटवलं, येतो म्हणून. आणि ती केस कुठली, तर आपल्या शेजारच्या कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेची. दिल्लीच्या वकिलांना मुरगूडचा उच्चार करताना ऐकणं ही एक वेगळीच मजा आहे.

बँकेची ६० दिवसांची नोटीस आलीय. संपलं का सगळं?

नाही. पण नोटीस ड्रॉवरमध्ये टाकली तर संपतं. ६० दिवसांत लेखी हरकत पाठवा, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताबा घ्यायची पावलं टाकली की ४५ दिवसांत डीआरटी, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण, आपल्याला पुणे. शेतजमिनीवर सरफेसी लागत नाही, पण सातबाऱ्यावर शेती लिहिलंय आणि जागेवर शेड उभं आहे असं असेल तर कोर्ट जागेवर काय आहे ते बघतं.

मी फक्त गॅरंटर म्हणून सही केली होती...

"फक्त" हा शब्द मी ऑफिसात बंद केलाय. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसावर १ डिसेंबर २०१९ पासून दिवाळखोरीची कारवाई होते, सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये ती उचलून धरली. कंपनी कुणीतरी विकत घेतली, प्लॅन झाला, तरी जामीनदार आपोआप सुटत नाही. मेव्हण्याच्या कंपनीला, मित्राच्या कंपनीला, तालमीतल्या दोस्तीखातर सह्या केलेली माणसं माझ्यापुढं बसतात आणि त्यांना हे सांगताना मला अजून पाणी प्यावं लागतं.

लॉ कुठनं करावं? सांगलीत करून या लाईनला येता येतं का?

येतं. सीईटी द्या, बारावीनंतर पाच वर्षं किंवा ग्रॅज्युएशननंतर तीन. सांगलीत सोटी लॉ कॉलेज आणि भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज आहे, साताऱ्यात रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज. मग बार कौन्सिलची सनद, मग ऑल इंडिया बार एक्झाम. सनदेची फी ७५० च्या वर घेता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा जुलै २०२४ चा निकाल आहे.

कॉलेजात जे शिकवत नाहीत ते सांगते : बॅलन्स शीट वाचायला शिका. एखाद्या सीएच्या ऑफिसात सहा महिने बसा, चहा आणून द्या पण बसा. देणेकरी वाढत चाललेत, स्टॉक फुगलाय, संचालकाच्या बायकोला कर्ज दिलंय, हे ज्याला पानं उलटताना दिसतं तो पुढं जातो.

सुरुवातीला किती पैसे मिळतात? खरं सांगा मॅडम.

मला पहिल्या वर्षी महिना १५०० मिळायचे आणि ते पण सिनियरना आठवण झाली तर. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत असं सुचवलंय, पण ते सुचवणंच आहे. घरून तीन-चार वर्षं रेटता येणार असेल तरच या, नाहीतर आधी एखाद्या बँकेत लॉ ऑफिसर म्हणून करा, तो अनुभव पुढं सोन्यासारखा लागतो. मुलींना घरून विचारतात की लग्नानंतर काय. माझ्या सासूबाई पहिली दोन वर्षं शेजारणींना "सून कोर्टात जाते" एवढंच सांगायच्या, जणू काय मी आरोपी आहे. आता त्यांच्याच भिशीतल्या बायका चेकचे मेमो घेऊन येतात.

मराठी मिडियम आहे, जमेल का?

जिल्हा कोर्टात मराठीच कामाला येते, उलटतपास तर मराठीतच रंगतो. एनसीएलटी, डीआरटी, हायकोर्ट इंग्रजी. मी झेडपीच्या शाळेतली आहे. निकाल मोठ्यानं वाचायचे, रोज एक, दार लावून. बोलणं आपोआप येतं. चुकलं तर जज हसत नाहीत, हसतात ते शेजारचे वकील.

मुंबईला जाऊ का सांगलीतच राहू?

पाच वर्षांपूर्वी मी डोळे झाकून मुंबई म्हणाले असते. एनसीएलटी अजून मुंबईतच, कफ परेडला. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटी, वेटिंग रूममध्ये साडी बदलायची आणि साडेदहाला बोर्डावर, हे मी वर्षानुवर्षं केलंय. आता बऱ्याच तारखा व्हिडिओ कॉन्फरन्सवर होतात. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, सांगली सातारा सोलापूर कोल्हापूर रत्नागिरी सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. रिट, अपिलं यासाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही, सांगलीहून तासा-दीड तासात कोर्टात. त्यासाठी वकिलांच्या दोन पिढ्यांनी आंदोलनं केली. तरी पण पहिली दोन-तीन वर्षं मुंबईत एखाद्या चांगल्या चेंबरला काढा, मोठ्या केसची फाईल कशी लावतात ते तिथंच दिसतं, आणि मग परत या.

सीए आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) पण एनसीएलटीत उभे राहतात म्हणे?

राहतात, कंपनी कायद्यातच तशी सोय आहे. त्यांच्यावर रुसून उपयोग नाही. माझं निम्मं काम त्यांच्याकडूनच येतं.

रिझोल्यूशन प्रोफेशनल व्हायचं असेल तर वकिलीची दहा वर्षं आणि आयबीबीआयची, म्हणजे दिवाळखोरी नियामक मंडळाची, परीक्षा लागते. मी अजून दिलेली नाही. दुसऱ्याची बुडालेली कंपनी चालवायची, कामगार गेटवर, बँका मीटिंगमध्ये, वीजबिल थकलेलं, आणि सगळं १८० दिवसांत, फार तर ३३०. ज्यांना जमतं त्यांना नमस्कार.

वसूल झाल्यावर १० टक्के घ्या, चालेल?

नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला आम्हाला बार कौन्सिलच्या नियमानं बंदी आहे. कुणी घेतो म्हणाला तर त्याच्याकडं जाऊ नका, एवढंच.

दोन्ही पार्ट्या ओळखीच्या निघाल्या तर?

सांगलीत निघतातच. बेदाण्याचा व्यापारी आणि त्याचा तासगावचा कोल्ड स्टोरेजवाला, दोघंही माझ्या लग्नाला आलेले. नियम साधा, ज्याचे कागद आधी वाचले त्याच्याविरुद्ध उभं राहायचं नाही, आणि दोघांचे वाचले असतील तर दोघांनाही नाही म्हणायचं. यात आत्तापर्यंत दोन नातेवाईक आणि बरीच फी गेली. बुडालेल्या माणसाची बाजू का घेता असंही विचारतात. तो काय दरवेळी लबाडच असतो असं नाही, २०१९ च्या पुरात ज्याचं गोडावन छतापर्यंत पाण्यात गेलं तो काय लबाड होता?

डिक्री मिळाली. पैसे कधी?

डिक्री म्हणजे कागद. आता दरखास्त, म्हणजे ती डिक्री अमलात आणायचा अर्ज. मिळकत शोधा, बँक खातं शोधा, जप्ती, बेलीफ, लिलाव. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलंय दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, प्रत्यक्षात किती लागतात ते कोर्टाच्या व्हरांड्यात कुणालाही विचारा. म्हणून दावा लावायच्या आधीच मी विचारते, समोरच्याच्या नावावर आहे काय? घर बायकोच्या, गाडी कर्जावर, दुकान भाड्याचं असेल तर फी घ्यायच्या आधी तसं तोंडावर सांगते. काही जण उठून दुसऱ्या वकिलाकडं जातात.

पहिल्यांदा भेटायला येताना काय आणू?

बिलं, ई-वे बिलं, डिलिव्हरी चलनावर समोरच्याची सही असेल ते, खातेउतारा, चेक आणि मेमो, जीएसटीचे रिटर्न. व्हॉट्सअपवर "हो देतो" म्हटलेलं असेल तर तो फोन बदलू नका, विकू नका, मेसेज उडवू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं. शेवटचं पेमेंट कधी आलं ती तारीख पाठ करून या. तीन वर्षं उलटली असतील तर बरंच अवघड, उलटायची असतील तर आधी बाकी कबूल असल्याची त्याची सही घ्या आणि मग या. आणि सोमवारी नको, सोमवारी विजयनगरला कोर्टाच्या आवारात गाडी लावायला जागा मिळत नाही.